भाव विचारू नका, भाव बोला

शेतकऱ्याला व्यवहार कळत नाही, त्याला चार माणसांत बोलता येत नाही, असे शहरातले शहाणे नेहमी सांगतात. त्यांनी एकदा बैलबाजारात येऊन उभे राहावे. तिथे आपला कास्तकार बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, जमले तर गाडीला जुंपून पाहतो. मग दलाल उपरण्याखाली हात घालून बोटे दाबतो. सौदा पाच वेळा मोडतो, सहाव्या वेळी जुळतो. इसार दिल्यावरसुद्धा कासरा बैलाबरोबर जाणार की जुना मालक सोडून घेणार, यावर पुन्हा घटकाभर बोलणे होते. बैल विकणारा घेणाऱ्याला 'काय देता?' असे आधी कधी विचारत नाही. आपला आकडा तो आपल्या तोंडाने सांगतो.

हाच कास्तकार दिवाळीच्या तोंडावर कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या फाटकावर जातो आणि विचारतो, "शेठ, आज काय भाव आहे?" त्या एका वाक्यात निम्मा सौदा संपलेला असतो.

माणूस एकच, जीभ एकच. मग बैलबाजारात चालणारी जीभ फाटकावर का टाळूला चिकटते? आमच्या मते याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण, बैल आपल्या पायांनी घरी परत येतो. कापसाची गाडी परत आणायची तर भाडे दुप्पट पडते, हमाली पुन्हा द्यावी लागते. समोरच्याला हे पक्के माहीत असते. दुसरे कारण, बैलात काय पाहायचे ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्याच कापसातून रुई किती निघते ते ठाऊक नाही. तिसरे कारण सवयीचे आहे. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. जवळजवळ तीस वर्षे खरीददार एकच होता. दुसऱ्याला विकणे गुन्हा, राज्याच्या सीमेबाहेर नेणे म्हणजे तस्करी. बोलणी करायची तरी कोणाशी? फार तर ग्रेडरसाहेबांच्या हातापाया पडायचे. ती योजना गेली, व्यापारी आले, पण हात जोडायची सवय मागे राहिली.

कृषी पदवीच्या चार वर्षांत आम्हाला नत्राची मात्रा शिकवली, बोंडअळीची ओळख शिकवली. पीक पिकवल्यानंतर बोलणी कुठे करायची, हे कोणत्याही विषयात नव्हते. ते आम्ही गावोगावच्या बैठकांत, काट्यापाशी आणि बाजार समितीच्या आवारात तुमच्याकडूनच शिकलो. त्यातले जे कामाचे वाटते ते येथे मांडतो.

बोलणीची जागा ओळखायची कशी?

घासाघीस भावावरच होते, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात भाव हा सौद्यातला एक भाग. वजन, कटती, ओलावा, हमाली, भाडे, पैसे कधी मिळणार, पावती कशी मिळणार, हे सगळे सौद्याचेच भाग आहेत. भावात ताणून पन्नास रुपये मिळवायचे आणि कटतीत दीडशे घालवायचे, हे दर हंगामात घडते.

एक खूण लक्षात ठेवा. समोरचा माणूस जेव्हा म्हणतो, "आपल्याकडे अशीच रीत आहे," तेव्हा तिथे बोलणीला जागा आहे असे समजा. रीत देवाने घातलेली नसते. एकेकाळी कापसाचा भावही उपरण्याखाली बोटे दाबून ठरत असे आणि माल विकणाऱ्याला आपला भाव कोणी कसा ठरवला हे कळतही नसे. तीही रीतच होती. १८८६ साली कारंज्याला, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रज सरकारला शेतकऱ्याचा कळवळा आला होता म्हणून हे झाले असे समजू नका. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस खात्रीने हवा होता. घेणाऱ्याला गरज पडली, म्हणून रीत बदलली.

यातून दुसरी खूण निघते. समोरच्याला आपल्याकडून काहीतरी हवे असते, तेव्हा तिथे बोलता येते. जिनिंग चालू ठेवायला कापूस लागतो. मशीन बंद राहिले तरी मजुरांचा पगार आणि बँकेचे व्याज थांबत नाही. कृषी केंद्रवाल्याला बियाण्याचा साठा मृगाच्या आत संपवायचा असतो. बँकेच्या साहेबाला मार्चअखेर वसुली दाखवायची असते. ट्रॅक्टरवाल्याला हप्ता भरायचा असतो. 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण आपण आपल्यापुरतीच धरून बसलो आहोत. गरज समोरच्यालाही असते. ती कोणत्या महिन्यात असते, एवढे हेरून ठेवायचे.

तिसरी खूण वेळेची. गाठोडे सुटले, माल काट्यावर चढला की बोलणी संपली. त्यानंतर जे होते त्याला विनवणी म्हणतात. जे काही बोलायचे ते दोरी सोडण्याआधी.

खेडा खरेदी आणि चार ओळींचा हिशोब

वेचणी सुरू झाली की व्यापाऱ्याचा माणूस गाडी आणि काटा घेऊन दारात येतो. "भाडे वाचते, हमाली वाचते, नगदी पैसे" असे सांगतो. त्याला नाही म्हणा असे आमचे म्हणणे नाही. मात्र त्याच्यासमोर हिशोब करून उभे राहा.

व्यापारी सरकीसकट कापूस घेतो खरा, पण पैसा करतो रुईवर आणि सरकीवर. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, किलो-दोन किलो घट जाते, बाकी सरकी. रुईचा भाव खंडीवर बोलतात आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. आता समजा, खंडीचा भाव ५३,४०० रुपये आहे. म्हणजे रुई १५० रुपये किलो पडली. सरकी ३५ रुपये किलो धरा. ३४ किलो रुईचे ५,१०० रुपये, ६४ किलो सरकीचे २,२४० रुपये, एकूण ७,३४०. त्यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, वाहतूक आणि व्यापाऱ्याची मिळकत मिळून ४०० रुपये वजा करा. उरले ६,९४०. दारात उभा असलेला माणूस ६,५०० म्हणत असेल, तर बोलणीची जागा ४४० रुपयांची आहे. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही त्या दिवशीचा खंडीचा आणि सरकीचा भाव घालून हाच हिशोब मांडा. दोन्ही भाव आज खिशातल्या मोबाईलवर मिळतात.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रुईचा उतारा एका किलोने वाढला तर सरकी एका किलोने कमी होते. म्हणजे क्विंटलमागे १५० वजा ३५, असे ११५ रुपये वाढतात. म्हणून घरीच शंभर ग्रॅम कापूस घ्या, हाताने सरकी वेगळी करा आणि किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रुई तोलून पाहा. पस्तीस ग्रॅम भरली तर पस्तीस उताऱ्याचा कापूस म्हणून बोला. हाताचा उतारा आणि मशीनचा उतारा यांत थोडा फरक पडेल, पण बोलायला आकडा हाती येतो. व्यापारी कापूस मुठीत दाबून मान हलवतो, तेव्हा तो हेच पाहत असतो.

दव सुकल्यावर वेचलेला पहिल्या वेच्याचा कापूस, नंतरच्या वेच्यांचा, फरदड आणि कवडी यांचे ढीग वेगळे ठेवा. सगळे एकत्र केले की भाव कवडीवर बोलला जातो. ढीग वेगळे असले तर चांगल्या ढिगासाठी तोंड उघडता येते.

कटती, ओलावा, पैसे

शंभर किलोवर दोन किलो कटती म्हटले की ऐकायला फार वाटत नाही. ७,००० च्या भावात ते १४० रुपये होतात. "पैसे महिन्याने" म्हटले की तेही साधे वाटते. गावात शेकडा दोन रुपये महिन्याने पैसा फिरतो, त्या दराने आणखी १४० गेले. भावात कोणी २८० रुपये कमी सांगितले असते तर आपण गाडी वळवली असती. म्हणून भाव बोलतानाच बोला: कटती किती, हमाली कोणाकडे, पैसे कोणत्या दिवशी. बाजार समितीच्या आवारात माल विकला तर त्याच दिवशी पैसे चुकते करण्याचा नियम आहे आणि हिशोबपट्टी मागणे हा आपला हक्क आहे.

दुसरे दार उघडे असले तरच पहिल्या दारात जोराने बोलता येते. सीसीआयची हमीभाव खरेदी हे तसे दुसरे दार. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये क्विंटल होता. त्या हंगामात सीसीआयने 'कपास किसान' ॲपवरची नोंदणी सक्तीची केली आणि त्यासाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागली. अनेकांनी "आपल्याला कुठे तिकडे विकायचे आहे" म्हणून नोंदणी टाळली. नोंदणी केली म्हणजे तिथेच विकण्याचे बंधन येत नाही. पण नोंदणी केलेल्या माणसाला व्यापारी वेगळा भाव सांगतो, कारण हा माणूस उठून जाऊ शकतो हे त्याला दिसते. नवा हंगाम लागण्याआधी त्या वर्षीचे भाव आणि नियम गावात कोणीतरी एकाने पक्के माहीत करून घ्यावेत. ओलावाही त्याआधी पाहून ठेवावा. सीसीआय ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देते, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापते आणि १२ च्या वर माल परत जातो. दोन दिवसांचे ऊन पैसे न घेता हे काम करून देते.

एकाच माणसाची दोन दुकाने

आता सर्वात अवघड जागेकडे येऊ. पुष्कळ गावांत बियाणे-खत उधार देणारा आणि कापूस विकत घेणारा एकच असतो. जूनमध्ये तो म्हणतो, "घेऊन जा, पैशांचे नंतर पाहू." नोव्हेंबरमध्ये तोच म्हणतो, "माल दुसरीकडे नेलास तर बरे दिसणार नाही." त्या जूनच्या 'नंतर पाहू'मध्येच आपला नोव्हेंबरचा भाव विकला गेलेला असतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी गत.

हा फास एका दिवसात सुटत नाही, पण सैल करता येतो. उधारी घेतानाच दोन गोष्टी बोलून घ्या. उधारीचा भाव आणि नगदीचा भाव यांत फरक किती? आणि फेड पैशात की मालात? फेड पैशात ठरली असेल तर माल कुठे विकायचा हे आपल्या हाती राहते. हे बोलणे चार ओळींत लिहून दोघांकडे एकेक कागद ठेवा. छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. २०२५ साली बीजी-२ कापूस बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती; याचा अर्थ ९०१ च्या खाली देऊ नये असा होत नाही. दहा घरांनी मिळून नगदी खरेदी केली तर खाली उतरता येते. युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्या लिंकिंगला कायद्याची परवानगी नाही, हे दुकानदारालाही ठाऊक असते. आणि लॉट नंबरसह पक्के बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. बियाणे उगवले नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे त्या बिलाशिवाय आपले कोणी ऐकत नाही.

उधारीची गरजच कमी करायची असेल तर बँकेच्या दारातही बोलावे लागते. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने शेतीकर्जाची विनातारण मर्यादा २ लाख रुपये केली आहे. त्या मर्यादेत कोणी जमीन गहाण मागत असेल तर कारण लेखी मागा. तोंडी 'नाही' सहज निघते, लेखी 'नाही' देताना साहेबालाही नियम वाचावा लागतो.

ज्वारीवाल्यांनो, कडबाही मालच आहे

ज्वारीच्या भावावर आपण चार शब्द बोलतो, पण कडबा शेकड्याने विकताना पेंडी केवढी, आळा कसा, वाहतूक कोणाची हे काही ठरवत नाही. दुभती जनावरे पाळणाऱ्यांना उन्हाळ्यात कडब्याशिवाय चालत नाही. बाटुक असताना, खळे चालू असताना विकायचा की गंजी लावून ठेवायचा, हा निर्णय हाच बोलणीचा पहिला शब्द आहे. धान्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. त्यातल्या पिकांत ज्वारी आहे. सहा टक्के व्याजाने १८० दिवसांपर्यंत कर्ज मिळते. आपली बाजार समिती ती राबवत नसेल तर का राबवत नाही, हे संचालकांना विचारणे हीसुद्धा बोलणीच आहे. मत मागायला आले होते तेव्हा त्यांनाही आपल्याकडून काही हवे होते.

घरातला हिशोब आणि आपल्या हातातला काटा

माल सगळा एकदम विकायचा नाही हे खरे, पण सगळा राखून ठेवण्यातही शहाणपण नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस १०,००० च्या वर गेला. पुढच्या वर्षी त्याच आशेने अनेकांनी कापसाने घर भरले, अंगाला खाज सहन केली आणि शेवटी कमी भावात विकला. आमचे सांगणे एवढेच की दिवाळीची गरज मोजा. किराणा, कपडे, मजुरी, पोरांची फी मिळून तीस हजार लागणार असतील, तर पाच क्विंटलने काम भागते. पंचवीस क्विंटल त्याच दिवशी का विकायचे? ही गरज किती, याचा खरा आकडा घरच्या बाईकडे असतो. आठवडी बाजारात मिरचीच्या वाट्यावर एक मूठ जास्त घेतल्याशिवाय ती हलत नाही. माल ठरवताना तिला घरात आणि शक्य असेल तिथे काट्यावरही बरोबर घ्या.

वेचणीला येणाऱ्या मायबहिणीही बोलणी करतात, आणि त्यांनी केलीच पाहिजेत. तिथे काटा आपल्या हातात असतो. फाटकावरच्या कटतीला नावे ठेवायची आणि वेचणीच्या काट्यावर आपण 'सूट' धरायची, हे चालणार नाही. सरळ वजन आणि ठरल्या दिवशी मजुरी दिली, तर बिनपाल्याचा स्वच्छ कापूस मागता येतो. स्वच्छ वेच्याला किलोमागे थोडा जास्त दर देऊन पाहा. त्यात दोघांचाही फायदा आहे, आणि दोघांचा फायदा निघाला तरच सौदा पुढच्या हंगामातही टिकतो.

एकट्याने न होणारी गोष्ट

काही ठिकाणी एकट्याची घासाघीस उपयोगाची नाही. १९ ऑगस्ट २०२५ पासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. नेमका आपला नवा कापूस बाजारात येण्याचा तो काळ. हा भाव जिनिंगच्या फाटकावर ठरत नाही, दिल्लीत ठरतो. तिथे एका शेतकऱ्याला कोणी खुर्ची देत नाही. बैल परत नेता येतो म्हणून बैलबाजारात आपला आवाज चढतो, हे वर सांगितलेच आहे. कापूस परत नेण्याची ती ताकद मिळवायची असेल तर दहा घरांनी एक गाडी, एक काटा आणि एक बोलणारा ठरवावा. दहा घरांचा पन्नास क्विंटल एकसारखा माल दिसला की व्यापारी स्वतः फोन करतो. दिल्लीशी बोलायचे तर दहाच्या जागी लाख घरे लागतील, एवढाच फरक.

भावांनो आणि मायबहिणींनो, जिल्हा मेळाव्याला येताना या हंगामातल्या काटापट्ट्या, हिशोबपट्ट्या आणि कृषी केंद्राची बिले पिशवीत घालून आणा. ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनी भाव, कटती आणि पैसे किती दिवसांनी मिळाले, हे आठवून एका चिठ्ठीवर लिहून आणावे. आपण तालुक्यावार ते फळ्यावर मांडू. कोणत्या बाजारात किती कटती लागते, कोण किती दिवसांनी पैसे देतो, हे सगळ्यांसमोर आले की पुढच्या सौद्याला कुठे बोलायचे, ते कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही.